प्रतिकारशक्ती उत्तम, म्हणजे एचआयव्ही होणार नाही?

“डॉक्टर, मला वर्षात साधी सर्दीही होत नाही. मला कशाला एचआयव्ही होईल?” असे म्हणणारे अनेक जण भेटतात. हा समज मला धोकादायक वाटतो. कारण एचआयव्ही नेमका प्रतिकारशक्तीच्या पेशींमध्येच शिरतो.

आपल्या रक्तातील मदतनीस टी-पेशींच्या पृष्ठभागावर सीडी४ नावाचे प्रथिन असते. विषाणू आधी त्याला चिकटतो. पण तेवढ्याने आत जाता येत नाही. त्याला शेजारचे दुसरे प्रथिनही पकडावे लागते. बहुतेक वेळा ते सीसीआर५ असते, काही वेळा सीएक्ससीआर४. दोन्ही मिळाली की दार उघडते. तुम्ही व्यायाम करता की नाही, काय खाता, याने ही प्रथिने नाहीशी होत नाहीत.

मग कोणीच सुरक्षित नाही का? काही मोजक्या लोकांना आई आणि वडील या दोघांकडूनही सीसीआर५चे सदोष जनुक मिळते. त्यांच्या पेशींवर हे प्रथिन येतच नाही आणि त्यांना सहसा संसर्ग होत नाही. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत असे सुमारे १ टक्का असतात. भारतात हा बदल अत्यंत दुर्मिळ आहे. शिवाय सीएक्ससीआर४ वापरणाऱ्या विषाणूपासून त्यांनाही पूर्ण संरक्षण नाही.

टिमोथी ब्राउन यांना रक्ताचा कर्करोग झाला होता. २००७ मध्ये बर्लिनला त्यांच्यावर अशाच दात्याच्या मूळ पेशींचे प्रत्यारोपण झाले आणि त्यांचा एचआयव्हीही गेला. “एचआयव्ही बरा झाला” ही बातमी खरी आहे, पण तो उपचार जिवावर बेतू शकतो. तो कर्करोगासाठी केला होता. केवळ एचआयव्हीसाठी तो करणे योग्य नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत: प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या चूर्णांवर आणि काढ्यांवर विसंबून राहू नका. निरोध वापरा. शंका असेल तर तपासणी करा. सरकारी रुग्णालयात ती मोफत होते. लागण झाली असेल तर एआरटीच्या गोळ्याही सरकारी केंद्रात मोफत मिळतात. त्या रोज घेऊन रक्तातील विषाणू तपासणीत न सापडण्याइतका कमी राहिला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही.

आणि बातमी वाचून गोळ्या बंद करू नका. आधी डॉक्टरांना विचारा.