पहिल्याच दिवशी गाडी चालू करणारा मिस्त्री नको

“सर, वडिलांची पद्मिनी शेडमध्ये पडून आहे. विश्वासातला मिस्त्री सांगा, फसवणारा नको.” असे फोन मला अधूनमधून येतात. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकवण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे कोल्हापुरातले निम्मे गॅरेजवाले माझेच विद्यार्थी, असा लोकांचा समज आहे. नंबर मी देतोही. पण आधी विचारतो, गाडी किती वर्षं उभी आहे आणि तुम्हाला ती कधी हवी आहे? “दिवाळीपर्यंत” असं उत्तर आलं, की मला मिस्त्रीचीच काळजी वाटू लागते.

कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट म्हणून निघालेली ही गाडी पुढे पद्मिनी झाली आणि नव्या शतकाच्या तोंडावर बंद पडली. मुंबईतली शेवटची काळीपिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. टॅक्सी गेल्या, की टॅक्सीवर पोट असलेले मिस्त्रीही दुसऱ्या कामाला लागतात. उरलेल्यांतून माणूस निवडायचा, तर त्याच्या गॅरेजची पाटी वाचू नका, गाडीजवळ आल्यावर तो पहिल्यांदा काय करतो ते बघा.

जाणता मिस्त्री आधी किल्ली मागत नाही. टाकीचं झाकण उघडून वास घेतो. वर्षानुवर्षं साचलेल्या पेट्रोलचा चिकट डिंक होतो, त्याला जुन्या वार्निशसारखा वास मारतो आणि तोच डिंक कार्बोरेटरचे जेट बुजवतो. मग तो प्लग काढतो, चारही सिलिंडरांत थोडं ऑइल सोडतो, ते मुरू देतो आणि इंजिन हातानं फिरवून बघतो. तडक नवी बॅटरी जोडून सेल्फ मारला, तर कोरड्या सिलिंडरवर गंजलेल्या रिंगा घासतात आणि साफसफाईत भागणारं काम बोअरिंगवर जातं. शिवाय ब्रेक आहेतच. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम, आणि पडून राहिलेल्या गाडीचे व्हील सिलिंडर हमखास जाम झालेले असतात. इंजिन धडधडलं म्हणून मालक टाळ्या वाजवतो, पण ती गाडी थांबणार कशी?

उद्यमनगराजवळ गॅरेज असलेला माझा एक विद्यार्थी गाडीखाली सरपटत जातो आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं फ्लोअरचा पत्रा ठोकत येतो. पद्मिनीला वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी. एकदा एका चकचकीत रंगवलेल्या गाडीखाली ठोकताना आवाज बद्द आला. त्यानं टोक लावलं, तशी लांबीची खपली निघाली. खपलीमागे पत्राच नव्हता. बाहेर येऊन मालकाला एवढंच म्हणाला, “सायेब, रंग झ्याक हाय, पर खाली गाडी न्हाई.” मालक रागावून गाडी दुसरीकडे घेऊन गेले. खरं बोलणाऱ्याचं गिऱ्हाईक असं जातं.

आता मालकांविषयी, कारण माझा खरा मुद्दा तोच आहे. पार्टचं बिल लोक निमूट देतात, घासाघीस करतात ती मजुरीवर. गंजून धरलेला नट फोडायचा नसेल, तर त्यावर डिझेल सोडून वाट बघावी लागते. पॉइंटमधलं अंतर फिलर गेजनं लावायला वेळ लागतो. जो बुश बाजारात मिळत नाही, तो उद्यमनगरात लेथवर करून मिळतो. पण जुना बुश खिशात घालून मिस्त्रीला लेथवाल्याशेजारी उभं राहावं लागतं. तो अर्धा दिवस बिलात कुठं लिहायचा? मजुरीला कात्री लावली, की मिस्त्री पार्टच्या कमिशनवर जगायला लागतो आणि चांगला कार्बोरेटरही ‘बदलावा लागेल’ म्हणतो. ती लबाडीच आहे. पण तिची सोय आपण करून दिलेली असते. स्कॅनर लावून दोष दाखवणाऱ्या कंपनीच्या वर्कशॉपात तासाचा दर आपण मुकाट देतो, मग कानानं टॅपेट ओळखणाऱ्याला का नाही?

कागदपत्रं मात्र मिस्त्रीच्या आधी बघा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नव्यानं करावी लागते, ती लटकली असेल तर गॅरेजचा खर्च करून गाडी दारातच उभी राहील. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते जुन्या रबराला सोसत नाही. जो मिस्त्री न विचारता “सगळे पाइप बदलू” म्हणतो, त्याला त्या कामाचे पैसे लगेच कबूल करा.

बाकी व्यवहार सरळ ठेवा. मजुरी रोजाच्या हिशेबानं आधी ठरवा, दर शनिवारी चुकती करा, पार्टचं बिल स्वतः दुकानात भरा आणि काढलेले जुने पार्ट पोत्यात घालून घरी आणा. ते पोतं देताना जो कां कू करेल, त्याच्याकडून गाडी त्याच दिवशी उचला, अर्धवट उघडलेली असली तरी.