आपण मूळचे कुठले?



गेल्या आठवड्यात लावणी पाहायला पोशीरला गेलो होतो. चिखलणी चांगली साधली होती, राबातली रोपे तीन आठवड्यांची, उपटायला आलेली. बांधावर ओळखीचे एक चाचा आणि त्यांचा नातू उभे होते. घर कोकणी मुसलमानांचे. नातू कॉलेजात शिकणारा, बाप आखातात नोकरीला.

बोलता बोलता मुलगा म्हणाला, "साहेब, आम्ही मूळचे अरब, दर्यावर्दी लोक. हा चिखल आमचा नव्हे. फार्महाऊसवाले भाव देतायत, जमीन देऊन टाकू, असं मी आजोबांना म्हणतोय."

चाचा गप्पच राहिले. मी खोदून विचारले तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. कॉलेजात कुणीतरी त्याला 'तुम्ही बाहेरचे' असे म्हणाले होते. "सगळे बाहेरचेच म्हणतात, तर बाहेरचेच होऊ की!" पोराचे डोळे भरले होते.

मला खजील व्हायला झाले. नोकरीत नवा असताना मीही याच चाचांना पहिल्या भेटीत विचारले होते, "तुम्ही मूळचे कुठले?" शेजारच्या घरी मात्र तो प्रश्न मी केला नव्हता. म्हणून त्या मुलाला जे सांगितले, तेच आज तुम्हालाही सांगतो.

आपल्याच रायगड जिल्ह्यातले चौल हे फार जुने बंदर. इ. स. ९१६ च्या सुमारास अल् मसूदी नावाचा अरब प्रवासी तिथे आला. तेव्हा इथे राष्ट्रकूटांचे राज्य होते. चौलात दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात, असे त्याने लिहून ठेवले. कुणी ओमानचे, कुणी बसऱ्याचे, कुणी बगदादचे. त्यांची जी मुले इथेच जन्मली, त्यांना 'बयासिरा' असे वेगळे नाव होते. म्हणजे या नातवाचा प्रश्न अकराशे वर्षांचा आहे!

दुसरा पुरावा डहाणूजवळच्या चिंचणीला सापडलेल्या ताम्रपटाचा, इ. स. ९२६ चा. त्या वेळी संजाणचा कारभार राष्ट्रकूटांनी महंमद नावाच्या अरब वंशाच्या अधिकाऱ्याकडे दिला होता. संस्कृत ताम्रपटात त्याचे नाव 'मधुमती' असे आले आहे. त्याने लोकांसाठी नदीवर फुकट होडी चालू केली, अन्नछत्र घालून भात, कालवण आणि तूप वाढले, आणि देवीच्या मठाला जमीन द्यायला हातभार लावला. ज्याच्या नावाने भाताचे छत्र चालले, तो बाहेरचा कसा?

आता आपल्या बोलण्याकडे पाहा. खरीप आणि रब्बी हे दोन्ही शब्द अरबी आहेत. तिकडे खरीप म्हणजे शरद, रब्बी म्हणजे वसंत. ज्या मोसमी पावसाची आपण वाट पाहतो, त्यातला 'मोसम' अरबी. आंब्याचे कलम बांधतो, ते 'कलम'ही तिकडचेच. हे शब्द उद्या परत करायचे ठरवले, तर माझ्या खात्याला पेरणीचे पत्रकसुद्धा काढता येणार नाही.

म्हणून मी त्या मुलाला म्हणालो, "बाबा रे, अरब पूर्वजांचा अभिमान खुशाल धर. कोकणातले मुसलमान शाफई पंथाचे, ही त्या दर्यावरच्या नात्याचीच खूण. पण तुमच्यात गावाच्या नावापुढे 'कर' लावलेली आडनावे किती आहेत ते मोज. तुझी आजी घरात बोलते ती बोली मराठीच्याच कुळातली. म्हसळ्याकडच्या आंबेत गावचे बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना १९८१ साली आपल्या कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. एक अभिमान धरायला दुसरा सोडावा लागत नाही."

जमिनीचे काय करायचे ते ज्याने त्याने ठरवावे. अडचण असेल तर विकावी लागतेही. पण कुणाच्या टोमण्यापायी सातबारा दुसऱ्याच्या हाती देऊ नये. एकदा गेलेले खाचर परत येत नाही. आधी आजोबांजवळ बसावे. कोणत्या खाचराला काय नाव, बांध कुणी घातला, कोणते भात कुठे पिकते, हे वहीत लिहून घ्यावे. मग निर्णय घ्यावा.

मुलाने हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. चाचा मात्र निघताना म्हणाले, "साहेब, इतकी वर्षं मलाही कुणी हे सांगितलं नव्हतं."

बाकीच्या वाचकांना एवढीच विनंती. बांधावर कुणी भेटले, तर 'मूळचे कुठले' हे विचारू नका. 'यंदा भात कोणते लावले' हे विचारा. गप्पा लांबतात आणि उपयोगाच्या होतात.

लावणी उरकून घ्या. रोपे उथळ लावा, एका चुडात दोन-तीनच ठेवा. पुढच्या अंकात खोडकिड्याविषयी बोलू.