भाडेकरूच्या रकान्यात दुसरे नाव

कळंबोलीत भाड्याने घर घ्यायचे म्हणजे अकरा महिन्यांचा लिव्ह-लायसन्स करार, अनामत आणि सोसायटीच्या ऑफिसात द्यायच्या झेरॉक्स. तळोजा एमआयडीसीत किंवा लोखंड बाजारात नोकरी करणारी, लग्न न करता एकत्र राहणारी जोडपीही याच वाटेने जातात. एजंट ‘मिस्टर-मिसेस ना?’ असे विचारतो, दोघे मान हलवतात आणि करार एकाच्या नावावर होतो. बहुधा त्याच्या. अनामतीतले निम्मे पैसे तिने मोबाइलवरून त्याच्या खात्यात टाकलेले असतात, फ्रिजचा हप्ता तिच्या पगारातून जातो. कागदावर मात्र ती त्या घरात कुठेच नसते.

अशा जोडप्यांनी आपसांत लेखी करार करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. पण कसला करार? २०२४ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयापुढे असा एक कागद आला. बलात्काराची तक्रार झालेल्या ४६ वर्षांच्या पुरुषाने २९ वर्षांच्या तक्रारदार स्त्रीशी अकरा महिने एकत्र राहण्याचा सात कलमी करार झाल्याचे सांगितले. लैंगिक छळाची तक्रार करायची नाही, ती गरोदर राहिली तर जबाबदारी त्याची नाही, अशी कलमे त्यात होती. सही आपली नाहीच, असे तिचे म्हणणे. त्याला अटकपूर्व जामीन मिळाला. त्या प्रकरणातले खरेखोटे न्यायालय ठरवील. पण असली कलमे लिहावीशी वाटतात, हेच संतापजनक आहे. न्यायालयात दाद मागण्याची वाट बंद करणारी अट १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २८ पुढे टिकत नाही. आणि पोटगी हा मुलाचा स्वतःचा हक्क आहे; तो सोडून देण्याचा अधिकार आईलाही नाही.

खरी गरज वेगळीच आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने विवाहसदृश नात्यातल्या स्त्रीलाही संरक्षण दिले. पण ते नाते तसे होते, हे सिद्ध करायचे तिनेच. किती वर्षे एकत्र राहिलात, पैसे एकत्र होते का, मुले आहेत का, हे पाहावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या इंद्रा सर्मा प्रकरणात सांगितले. त्या बाईंना स्वतःला मात्र संरक्षण मिळाले नाही, कारण तो पुरुष आधीच विवाहित होता आणि त्यांना ते ठाऊक होते. घराबाहेर काढलेली बाई हा पुरावा आणणार कुठून? शेजारी साक्षीला येत नाहीत. अनामत कोणी किती भरली, हप्ता कोण फेडतो, वेगळे झाल्यास घर सोडायला किती मुदत, आजारपणात कोणाला कळवायचे, एवढे दोन पानांत लिहून दोघांनी सह्या केल्या, तर तोच कागद तिच्या हातात उरतो. आणि त्याच्याही.

उत्तराखंडने जानेवारी २०२५ पासून अशा नात्यांची नोंदणी सक्तीची केली, न केल्यास तुरुंगवासाची तरतूद ठेवली. ती वाट महाराष्ट्राने धरू नये. सज्ञान माणसांच्या घरात सरकारने डोकावायचे कारण नाही. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने २००८ मध्ये दीर्घकाळ एकत्र राहिलेल्या स्त्रीला पोटगीचा हक्क देण्याचा प्रस्ताव मंजूर केला होता. तो कायद्यात उतरला नाही. तो पुन्हा केंद्राकडे लावून धरावा.

तोवर विधी सेवा प्राधिकरणाने सोप्या मराठीत अशा कराराचा नमुना काढावा. १९८७ च्या कायद्याने प्रत्येक स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. सही करण्याआधी तिने तो कागद त्या वकिलाकडून वाचून घ्यावा. आणि सोसायट्यांनी लग्नाचा दाखला मागणे थांबवावे. भाडेकरूच्या रकान्यात दोन नावे आजही घालता येतात. पुढच्या अकरा महिन्यांसाठी करार नवा होईल, तेव्हा एजंटाने तिचेही आधार कार्ड मागून घ्यावे.