आजोबांचे मत घरबसल्या, नातवाचे मात्र प्रवासावर

परभणी : परभणीत दोन पिढ्यांनी आपापल्या काळात राजकारणाला वेगळे वळण दिले. निजामाची राजवट अनुभवलेल्या पिढीने १९५२ च्या पहिल्याच लोकसभा निवडणुकीत शेतकरी कामगार पक्षाच्या नारायणराव वाघमारे यांना दिल्लीला पाठविले. १९७७ मध्ये याच पक्षाचे शेषराव देशमुख निवडून आले. मतदानाचे वय २१ वरून १८ झाले ते मार्च १९८९ मध्ये. त्याच वर्षाच्या अखेरीस शिवसेनेच्या पाठिंब्यावर अशोकराव देशमुख विजयी झाले. याचे श्रेय एकट्या नवमतदारांना देता येणार नाही. मात्र सेनेच्या मराठवाड्यातील विस्तारात तरुणांचा वाटा मोठा होता.

तिसऱ्या पिढीची अडचण पत्त्याची आहे. शिक्षण-नोकरीसाठी अनेक तरुण पुण्यात राहतात. नाव मात्र गावच्या यादीत असते. परभणीत २६ एप्रिल २०२४ रोजी लोकसभेचे मतदान झाले, तेव्हा ८५ वर्षांवरील आजोबांना घरबसल्या मत देण्याची सोय होती. पुण्यातील नातवाला गावी येण्यावाचून पर्याय नव्हता. नाव पुण्याच्या यादीत नेता येते. पण मग ज्या गावात शेती आणि आईवडील आहेत, तेथील मताचा हक्क सुटतो. निवडणूक आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये दूरस्थ मतदान यंत्राचा प्रस्ताव राजकीय पक्षांपुढे मांडला. २०२४ ची निवडणूक त्याविनाच पार पडली.

तरुणांना उदासीन ठरविण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे लागेल. मतदानाच्या टक्केवारीत उदासीन आणि परगावी असलेला, दोघेही सारखेच दिसतात.