पैसे कुठून आणणार?

३ जानेवारी २०२६, शनिवार. सकाळी चहाचा कप घेऊन टीव्ही लावला तर सगळ्या चॅनेलांवर काराकास. अमेरिकी फौजांनी रात्रीतून हल्ला करून व्हेनेझुएलाचे अध्यक्ष मादुरो यांना पकडलं होतं आणि त्यांना न्यूयॉर्कला आणत होते. समोर टेबलावर आरोग्यविम्याच्या नव्या हप्त्याचं पत्र पडलेलं. मागच्या वर्षीच्या दुपटीहून जास्त आकडा. मी एकदा टीव्हीकडे बघत होतो, एकदा पत्राकडे. तेवढ्यात पुण्याहून मावशीचा फोन.

"अरे, तुमच्याकडे लढाई सुरू झाली म्हणे?"

"इथे नाही गं मावशी, तिकडे व्हेनेझुएलात."

"मग तुझा आवाज का असा?"

तिला हप्त्याचं सांगितलं. सरकारची सवलत ३१ डिसेंबरला संपली, वाढवून द्यायला पैसे नाहीत म्हणतात, वगैरे. मावशी थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "लढायला आहेत ना? मग औषधाला कसे नाहीत?"

तिला नीट उत्तर देता आलं नाही. खरं सांगायचं तर हा प्रश्न माझ्या डोक्यात २००९ पासून आहे. त्यावरच आज लिहितोय. पोस्ट लांबणार आहे, आधीच माफी मागून ठेवतो.

मार्च २००९ मध्ये माझी नोकरी गेली. मंदीत लाखोंच्या गेल्या, त्यात माझी एक. अमेरिकेत नोकरी गेली की पगाराबरोबर विमाही जातो, हे भारतातल्या नातेवाईकांना समजावून सांगताना अजूनही माझी दमछाक होते. जुना विमा दीड वर्ष स्वतःच्या खिशातून चालू ठेवायची सोय असते, तिचं नाव कोब्रा. (नाव ठेवणाऱ्याला विनोदबुद्धी असावी.) त्या वर्षी ओबामांच्या मंदीवरच्या पॅकेजमुळे कोब्राच्या हप्त्यातला ६५ टक्के भाग सरकारने उचलला, म्हणून आम्ही तरलो. पण ती मदत काही महिन्यांपुरती होती. म्हणून मी दुसरा विमा शोधायला लागलो. मला मिळत होता, बायकोला नाही. तिला संधिवाताचा जुना आजार. कंपनीचं दोन ओळींचं पत्र आलं: आधीपासून आजार असल्यामुळे अर्ज नामंजूर. फ्लोरिडात तेव्हा ते पूर्णपणे कायदेशीर होतं.

त्या उन्हाळ्यात टॅम्पाच्या पब्लिक लायब्ररीत आम्ही बेकार मंडळी मंगळवारी जमायचो. बायोडेटा कसा लिहावा वगैरे. तिथे एक कोलंबियन गृहस्थ माझ्या शेजारी बसत. ते व्हेनेझुएलाच्या सीमेला लागून असलेल्या कुकुता गावचे. त्यांचा भाऊ तिथून पूल ओलांडून पलीकडे ट्रक न्यायचा. मी त्यांना विम्याचं रडगाणं ऐकवायचो, ते मला भावाचं. तोवर दक्षिण अमेरिका म्हणजे माझ्या लेखी फुटबॉल आणि कॉफी. पण या गृहस्थांमुळे मी दोन्हीकडच्या बातम्या एकत्र वाचायला लागलो, आणि मग एक गंमत लक्षात आली. गंमत म्हणजे, हसू येणारी नव्हे.

आधी वॉशिंग्टनची बाजू. ऑगस्ट २००९ मध्ये गावोगावी सभांमधून आरडाओरडा चालला होता. सारा पेलिन यांनी 'डेथ पॅनेल'ची आवई उठवली, म्हणजे सरकारी बाबू ठरवणार म्हणे की कुणी जगायचं. ९ सप्टेंबरला ओबामा काँग्रेससमोर बोलले, तेव्हा एक खासदार भर सभागृहात "खोटं बोलताय" म्हणून ओरडले. पण मला त्या भाषणातली वेगळी गोष्ट आठवते. योजनेला १० वर्षांत सुमारे ९०० अब्ज डॉलर लागतील असं त्यांनी सांगितलं. त्याच दमात, तुटीत एका दमडीचीही भर घालणाऱ्या विधेयकावर सही करणार नाही, असं वचनही त्यांना द्यावं लागलं. इराक आणि अफगाणिस्तानच्या लढायांवर याहून जास्त खर्च झालाय, याचीही आठवण त्यांनी करून दिली. पैसे कुठून आणणार, हा प्रश्न त्यांना वर्षभर रोज विचारला गेला.

त्याच ओबामांनी २८ ऑक्टोबर २००९ ला संरक्षणखर्चाच्या कायद्यावर सही केली. ६८० अब्ज डॉलर, एका वर्षाचे. त्यात कोलंबियातल्या पालांकेरो विमानतळासाठी ४६ दशलक्ष होते. दोनच दिवसांनी, ३० ऑक्टोबरला, कोलंबियातले सात तळ अमेरिकेला वापरू देण्याचा करार बोगोटात झाला. या सगळ्यासाठी गावोगावी सभा झाल्या नाहीत. लायब्ररीतल्या आमच्या मंगळवारच्या टोळीत तर कुणाला पत्ताही नव्हता, कुकुताचे गृहस्थ सोडून.

आता पलीकडची बाजू. तुम्ही म्हणाल, हा अमेरिकेचा रोग, समाजवादी चावेझकडे तसं नसेल. मलाही तसंच वाटायचं. चावेझने २००३ मध्ये गरीब वस्त्यांमध्ये दवाखाने सुरू केले, तेलाच्या बदल्यात क्यूबाहून डॉक्टर आणले. चांगलंच काम ते, मी नाकारत नाही. पण १ मार्च २००८ ला कोलंबियाने इक्वेडोरच्या हद्दीत घुसून फार्क बंडखोरांच्या तळावर हल्ला केला, त्यांचा नेता राऊल रेयेस याला मारलं, आणि दुसऱ्या दिवशी चावेझने टीव्हीच्या चालू कार्यक्रमात हुकूम सोडला, दहा बटालियन सीमेवर पाठवा. भाजी आणायला सांगावं तसं! आठवडाभरात सांतो दोमिंगोच्या परिषदेत सगळ्यांनी हस्तांदोलन केलं आणि प्रकरण निवलं. त्या बटालियनचा खर्च किती, हे कुणी विचारलं नाही.

जुलै २००९ मध्ये फार्ककडे स्वीडिश रॉकेट लाँचर सापडले, जे मुळात व्हेनेझुएलाच्या सैन्याला विकलेले होते. वर अमेरिकी तळांची बातमी. चावेझने संबंध गोठवले. कुकुताच्या गृहस्थांच्या भावाचा ट्रक उभा राहिला. कोलंबियाची व्हेनेझुएलाला होणारी निर्यात २००८ मध्ये ६ अब्ज डॉलर होती, ती २०१० मध्ये दीड अब्जाच्याही खाली आली. या आकड्यांत तो एक ट्रक कुठे दिसत नाही.

आणि मग सप्टेंबर २००९. चावेझने रशियाकडून २.२ अब्ज डॉलरचं कर्ज घेऊन ९२ टी-७२ रणगाडे वगैरे घ्यायचं जाहीर केलं. त्याच महिन्यात त्यांनी स्वतःच कबूल केलं की वस्त्यांमधले सुमारे दोन हजार दवाखाने डॉक्टरांविना पडून आहेत, आणि आरोग्याची आणीबाणी घोषित केली. एकच माणूस, एकच महिना! रणगाड्यांना उधारी मिळाली. दवाखान्यांना आणीबाणी मिळाली.

म्हणजे डावं-उजवं असा हा प्रकार नाही. माझं मत सांगतो. शत्रू दाखवला की तो सगळ्यांचा वाटतो. आजार मात्र ज्याचा त्याचा. सीमेवर रणगाडा गेला की टीव्हीवर दिसतो आणि आपल्यासाठीच गेला असं वाटतं. संधिवाताने सकाळी बोटं मिटत नाहीत, हे फक्त घरच्यांना दिसतं. म्हणून आजाऱ्याला हिशोब द्यावा लागतो. तू सिगरेट ओढलीस का, तुझं वजन किती, तुझ्या गोळ्यांचे पैसे मी का भरू? सेनापतीला हे कोणी विचारत नाही.

आता दुसरी बाजू. फार्क हे काही काल्पनिक भूत नव्हतं. त्यांनी हजारो माणसं पळवली, मारली. कोलंबियाला सैन्य लागणारच होतं. आणि आरोग्यावरच्या खर्चाला प्रश्न विचारूच नयेत असंही मी म्हणत नाही. ओबामांनी सांगितलं होतं की तुमचा आहे तो विमा आवडत असेल तर तुमच्याकडे राहील. ते खरं ठरलं नाही. २०१३ मध्ये लाखो लोकांना जुनी पॉलिसी रद्द झाल्याची पत्रं आली. तेव्हा प्रश्न जरूर विचारा. माझं म्हणणं एवढंच की तोच प्रश्न दोन्ही खिडक्यांवर विचारा.

पुढे काय झालं ते थोडक्यात. आरोग्य कायदा २१ मार्च २०१० ला प्रतिनिधिगृहात २१९ विरुद्ध २१२ मतांनी पास झाला, २३ मार्चला सही झाली. २०१४ पासून आजार आहे म्हणून विमा नाकारणं बंद. बायकोला विमा मिळाला. त्याच्या जोरावर मी २०१६ मध्ये नोकरी सोडून स्वतःचा छोटा धंदा सुरू केला. नाहीतर विम्यासाठी म्हणून नोकरीला चिकटून राहिलो असतो. तिकडे बोगोटाच्या घटनात्मक न्यायालयाने ऑगस्ट २०१० मध्ये तळांचा करार रद्दबातल ठरवला, आणि त्याच महिन्यात चावेझ आणि कोलंबियाचे नवे अध्यक्ष सांतोस सांता मार्तात भेटून मोकळे झाले. इतका तमाशा झालेलं युद्ध झालंच नाही.

पण दवाखाने सुधारले नाहीत. बहुतेक प्रदेशातून मलेरिया हटवल्याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने १९६१ मध्ये ज्या व्हेनेझुएलाचं कौतुक केलं होतं, तिथे २०१७ मध्ये मलेरियाचे चार लाखांवर रुग्ण होते. त्याच वर्षी बालमृत्यू आणि मातामृत्यूंचे वाढलेले आकडे छापल्यावर आरोग्यमंत्र्यांनाच काढून टाकलं. सत्तर लाखांहून जास्त माणसं देश सोडून गेली. त्यातली कितीतरी आमच्याच राज्यात, मायामीजवळ डोरालला राहतात. आणि योगायोग बघा, दक्षिण अमेरिका सांभाळणाऱ्या अमेरिकी सदर्न कमांडचं मुख्यालयही डोरालमध्येच.

२०२५ मध्ये सगळं पुन्हा एकदा. जुलैतल्या एकाच कायद्यात संरक्षणाला सुमारे १५० अब्ज डॉलर जादा, आणि गरिबांच्या मेडिकेडमधून १० वर्षांत ९०० अब्जांहून जास्त कपात. २ सप्टेंबरपासून कॅरिबियन समुद्रात बोटींवर हल्ले. १ ऑक्टोबरपासून विम्याच्या सवलतीवरून भांडण होऊन सरकार ४३ दिवस बंद. ते बंद असतानाच १३ अब्ज डॉलरची फोर्ड ही विमानवाहू नौका व्हेनेझुएलाच्या दिशेने निघाली. सवलत मिळाली नाही. नौका पोचली.

आता आमचं. बायको आणि मी दोघंही ६२ चे. सरकारी मेडिकेअर ६५ ला मिळतं. म्हणजे तीन वर्षं काढायची आहेत. हिशोब मांडला. एक पर्याय, मी पुन्हा कुठेतरी विमा देणारी नोकरी धरायची, या वयात. दुसरा, स्वस्त पॉलिसी घेऊन पहिले कित्येक हजार स्वतः भरायचे. बायको म्हणाली, "माझं इंजेक्शन दोन आठवड्यांऐवजी तीन आठवड्यांनी घेऊन बघू का?" सहज म्हणाली, दुधाचा रतीब कमी करू का अशा आवाजात. मी ओरडलो तिच्यावर. मग वाईट वाटलं. तिचा काय दोष?

सध्या महाग पॉलिसीच चालू ठेवली आहे, साठवलेल्यातून. आमच्या खासदारांना पत्र लिहिलं आहे. त्यात शिव्या नाहीत, आकडेही फार नाहीत. मावशीचा प्रश्न इंग्रजीत करून पाठवला, इतकंच. उत्तर आलं तर इथे लिहीनच.

असो. मावशी, हे वाचशील तेव्हा लगेच फोन करू नकोस, तिकडची सकाळ म्हणजे आमची रात्र. आणि पैसे पाठवू का असं विचारू नकोस, तेवढी वेळ आलेली नाही. बाकी मंडळी, तुमच्याकडे हा प्रश्न कोणत्या खिडकीवर विचारतात, ते जरूर कळवा.