आधी ओलावा मोजा

मंगळवारी तालुक्याच्या गावी एका प्रशिक्षणाला गेलो होतो. विषय होता व्यवसायाची कार्यक्षमता आणि बदलता बाजार. तीन तासांत ब्रँडवर बोलणं झालं, पॅकिंगवर झालं, मोबाइलवरून विक्री कशी करायची ते दाखवलं, चिया लावा म्हणून सांगितलं. ऐकणाऱ्यांत निम्मे आमच्या आसेगावचे आणि आसपासचे कास्तकार, बाकी धान्याचे छोटे व्यापारी आणि दोन-तीन कृषी केंद्रवाले. या सगळ्यांच्या घरी किंवा गोदामात आज एकच माल आहे, सोयाबीन. त्याचं नाव तीन तासांत एकदाही निघालं नाही. शेवटी मी उठून विचारलं, आपल्या मालात आज किती टक्के ओलावा आहे हे कितीजणांना ठाऊक आहे? साठेक माणसांत चार हात वर झाले.

बाहेर चहा घेताना आमच्याच गावचा एक पोरगा जवळ आला. म्हणाला, "काका, वाळवून नेलं तरी कापतेच, न वाळवता नेलं तरी कापतेच. मंग वाळवावं कायले?" तीन तासांच्या भाषणांपेक्षा मला हे एक वाक्य मोलाचं वाटलं. आपल्या भागातला सगळा धंदा कुठे अडलाय ते त्यात आहे.

हिशोब करून पाहा. २० क्विंटल सोयाबीन, ओलावा १४ टक्के. तेल गिरणीला माल लागतो १० टक्क्यांचा. वाळवून १० वर आणला तर तो १९ क्विंटल ११ किलो भरतो. म्हणजे ओलाव्यापोटी वजनातून ८९ किलोंची कटती रास्त आहे, त्यात कुणी कुणाला लुटत नाही. पण खेडा खरेदीत यंत्र नसतं. मूठभर दाणे हातात घ्यायचे, एक दाताखाली धरायचा आणि बोलायचं. अंदाज १६ टक्क्यांचा आला तर कटती १३३ किलो होते. ४४ किलो जादा गेले. क्विंटलला ४,००० रुपये धरले तर साडेसतराशेहून अधिक रुपये. अंदाज उलटा चुकून १२ झाला तर तेवढेच ४४ किलो व्यापाऱ्याच्या खिशातून जातात, कारण गिरणीच्या दारात यंत्र आहे आणि तिथे अंदाज चालत नाही. म्हणून गावातला खरेदीदार स्वतःला वाचवायला सगळ्यांनाच जास्त कापतो. ज्याने ताडपत्रीवर तीन दिवस माल पसरला, खाली-वर केला, चाळणी मारली, त्यालाही तीच कटती. पुढच्या वर्षी तो वाळवणं सोडून देतो. मग खरोखरच ओला माल येतो आणि कटती आणखी वाढते. व्यापाऱ्यांना शिव्या देणारे माझे अनेक वाचक आहेत, त्यांना मी कळकळीने सांगतो की या फेऱ्यात व्यापारीही सापडलेला आहे.

आता कारंजाची गोष्ट. जुन्या वाचकांना ती पाठ झाली असेल, तरी या आठवड्यात ती पुन्हा सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. भारतातला पहिला नियंत्रित बाजार १८८६ मध्ये कारंजाला झाला, हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमाने. मुंबईत नाही, खामगावात नाही, आपल्या कारंजात. तेव्हा तिथे रेल्वेही नव्हती. मुख्य लाइन मूर्तिजापूरवरून जायची आणि शकुंतला रेल्वे पुढच्या शतकात आली. कापूस बैलगाड्यांवरून यायचा. कास्तकाराच्या कळवळ्याने ते झालं असंही नाही. विलायतेतल्या गिरण्यांना स्वच्छ कापूस वाजवी भावात हवा होता आणि मिळत होता तो पाणी मारलेला, सरकी-माती मिसळलेला. भेसळ करणाऱ्याला शिक्षा देणारा कायदा मुंबई सरकारने १८६३ मध्येच करून पाहिला होता. वऱ्हाडात वाट वेगळी धरली गेली. इथे बाजाराची जागा आणि रीत बांधली गेली. १८९७ च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्याने ती पक्की झाली: खरेदी ठरलेल्या जागीच, अडत्या आणि मापारी परवान्याचे, वजनं तपासलेली. समिती व्यापाऱ्यांमधूनच नेमली जायची, कास्तकाराला तीत स्थान नव्हतं, आणि हा दोष मोठाच होता. पण शेतीच्या रॉयल कमिशनने १९२८ मध्ये देशभर नियंत्रित बाजार करा म्हणून सांगितलं, तेव्हा त्यांच्यासमोर आपलं वऱ्हाड होतं. महाराष्ट्राचा बाजार समिती कायदा १९६३ चा. तो येईतो कारंजाला पाऊणशे वर्षं होऊन गेली होती.

त्या बाजाराने नेमकं काय बदललं? नवं पीक आणलं नाही, कापसाचं नाव बदललं नाही. वजन हे विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या दोघांच्याही डोळ्यांसमोर, तिसऱ्या माणसाच्या हातून व्हायला लागलं. त्या एका गोष्टीने चांगला माल आणणाऱ्याला चांगला भाव मागायचं तोंड आलं. तेव्हा भांडण वजनाचं होतं, आज ते ओलाव्याचं आहे. काटा आता इलेक्ट्रॉनिक आहे, त्यावर वैधमापनचा शिक्का आहे, ५० किलोच्या कट्ट्यात कुणी किलोभर मारत नाही. मारायची गरजच राहिली नाही. जे वजनात जायचं ते आता कटतीत जातं. एकशे चाळीस वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यात जो प्रश्न सुटला, तोच वेश बदलून आपल्या दारात उभा आहे आणि आपण त्यावर पॅकिंगचा उतारा घेऊन येतो. मला याचा राग येतो.

गावातल्या एका तरुण व्यापाऱ्याने दोन वर्षांपूर्वी ओलावा मोजायचं यंत्र घेतलं. मी तेव्हा लिहिलं होतं की याचा धंदा वाढेल, आणि काहींनी मला पत्रं पाठवून वेड्यात काढलं होतं. या हंगामात त्याच्या दारात ट्रॅक्टर रांगेत उभे आहेत. तो आधी चिमटीभर दाणे यंत्रात टाकतो, आकडा विकणाऱ्याला दाखवतो, पट्टीवर लिहितो, मग काटा करतो. ९-१० टक्क्यांच्या मालाला कटती शून्य. आता लोक त्याच्याकडे माल वाळवूनच आणतात, त्यामुळे त्याचा ट्रक गिरणीच्या दारातून परत फिरत नाही. त्याने काट्याचं तोंडही गिऱ्हाइकाकडे करून ठेवलंय. ज्या दुकानाचा काटा गिऱ्हाइकाकडे तोंड करून असतो ते दुकान टिकतं, त्याची उधारीही वसूल होते, हे माझं जुनं मत आहे. त्याला आकड्यांचा आधार नाही, तीस वर्षं पाहिलेल्या दुकानांचा आहे.

बाजार बदलतोय हे तर खरंच आहे. सोयाबीनचा भाव तेलापेक्षा पेंडीवर जास्त चालतो. मक्यापासून इथेनॉल करताना उरणारा चोथा कोंबडीखाद्यात स्वस्तात मिळायला लागला आणि आपल्या पेंडीचं गिऱ्हाईक पातळ झालं. केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये खाद्यतेलाचं आयातशुल्क वाढवलं, मे २०२५ मध्ये कच्च्या तेलावरचं पुन्हा खाली आणलं. सोयाबीनचे वायदे डिसेंबर २०२१ मध्ये बंद केले गेले. यातलं काहीच आसेगावातून हलवता येत नाही. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये होता, बाजारातली बोली त्याच्या कितीतरी खाली होती. फरक मोठा होता, पण हमीभावाच्या काट्यावर जायचं तर माल १२ टक्क्यांच्या आत लागतो. दोन वर्षांपूर्वी माझी स्वतःची ट्रॉली एका केंद्रावरून परत आली होती. सोंगणीनंतर पाऊस झाला होता, गंजी भिजली होती, आणि मी न मोजता निघालो होतो. भाडं दोनदा भरलं. चूक माझीच होती.

भावासाठी थांबायचं ठरवलं तरी अडचण तीच. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९० पासून आहे. मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, ६ टक्के व्याज, सहा महिन्यांची मुदत. दिवाळीला पैसा हातात आणि माल गोदामात. आमच्या भागात ती फार थोडे वापरतात, कारण ओला माल गोदामात टिकत नाही, काळा पडतो, बुरशी धरतो. वाळवलेला दाणा थांबू शकतो. ज्याला थांबता येतं त्यालाच भाव बोलता येतो.

चियाच्या मी विरोधात नाही. जिल्ह्यात रब्बीला तो पेरणारे वाढलेत आणि काहींना पैसाही झालाय. पण जो सोयाबीनचा ओलावा मोजत नाही तो चियातली माती तरी मोजणार आहे का? शेलूबाजारवरून समृद्धी महामार्ग गेलाय, नागपूर-मुंबई दोन्हीकडचा खरेदीदार आता जवळ आहे. तो फोनवर पहिला प्रश्न विचारतो, मॉइश्चर किती, काडीकचरा किती. त्या प्रश्नाला "माल चांगला आहे" हे उत्तर चालत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. ग्रामपंचायतीने एक ओलावामापक यंत्र आणि एक काटा घ्यावा. यंत्र काही हजारांत येतं. हंगामाचे दोन महिने ते पंचायतीच्या ओट्यावर राहावं, कुणीही दाणे आणावेत, आकडा कागदावर लिहून न्यावा. मग विकायचं तिथे विका, गावात, मंगरुळपीरला, कारंजाला. पुढच्या ग्रामसभेत मी हा ठराव मांडतोय. गावातल्या कास्तकारांनो या, व्यापाऱ्यांनो तुम्हीही या, कारण तुमचाही पैसा यात जातोय. येताना घरातलं ओंजळभर सोयाबीन घेऊन या. यंत्र मी आणतो, तिथेच सगळ्यांसमोर मोजू.