वजीर दिला, डाव नेला

वाचकहो, या खेपेला पट मांडूनच वाचायला बसा. नुसते वाचून या डावाची गोडी कळायची नाही.

डाव आहे १८९० सालचा, बोहेमियातल्या होस्टौन गावचा. काळी मोहरी कारेल ट्रॅक्सलर यांची. हे पेशाने पाद्री, पण या डावात त्यांनी दयामाया दाखवली नाही! पांढरी मोहरी राइनिश यांची. नियम विलायती, म्हणजे प्यादे पहिल्या वेळी दोन घरे जाऊ शकते, हे देशी खेळणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. पांढऱ्याच्या डावीकडून उभ्या रांगा ए ते एच आणि त्याच्याच बाजूने आडव्या ओळी १ ते ८ मोजा.

राजापुढची प्यादी ई४ व ई५ वर आली. पांढरा घोडा एफ३, काळा सी६. पांढरा उंट सी४, काळ्याचा दुसरा घोडा एफ६. चौथ्या खेळीला पांढरा घोडा जी५ वर चढला. आता एफ७ च्या प्याद्यावर घोडा आणि उंट दोघांचा डोळा. इथे सावध खेळाडू वजिरापुढचे प्यादे डी५ वर सारून उंटाची वाट अडवतो. ट्रॅक्सलर यांनी ती अडवलीच नाही. त्यांनी आपला उंट सी५ वर आणला!

घोड्याने एफ७ मारले. वजीर आणि हत्ती एकदम माऱ्यात. काळ्याने उंटाने एफ२ चे प्यादे मारून शह दिला. राजा ई२ वर, घोड्याचा डी४ वरून शह, राजा डी३. झाले, राजा घराबाहेर पडला. काळे प्यादे बी५ वर आले, पांढरा उंट बी३ ला हटला, दुसऱ्या काळ्या घोड्याने ई४ चे प्यादे मारले. नवव्या खेळीला पांढऱ्याने वजीर खाल्ला. हा मोह कुणाला आवरला असता?

पुढे शहावर शह. घोडा सी५, राजा सी३. दुसरा घोडा ई२ वर, तो वजिराने मारला. उंट डी४, राजा बी४. प्यादे ए५, राजाने बी५ चे प्यादे मारले. दुसरा उंट ए६, राजाने ए५ चेही प्यादे खाल्ले. तोच उंट डी३ वर सरकला आणि मागच्या हत्तीचा शह बसला. राजा बी४, घोडा ए६, राजा ए४. घोडा बी४ वर गेला, पुन्हा हत्तीचा शह. राजाने घोडा मारला आणि सी-रांगेतल्या साध्या प्याद्याने सी५ वर येऊन मात केली. सतरा खेळ्यांत काळ्याचा वजीर व दोन्ही घोडे गेले. पांढऱ्याचा वजीर मात्र शाबूत उभा!

पुढे अमेरिकेत विल्क्स-बॅरी गावच्या क्लबातल्या मंडळींनी हाच बचाव घोटला, म्हणून तिकडे त्याला त्या गावाचे नाव आहे. आजचे जाणकार म्हणतात, पाचव्या खेळीला घोड्याऐवजी उंटाने एफ७ मारून शह देणे पांढऱ्याला बरे. आणि घोड्यानेच मारले, तर सहाव्या खेळीला राजा ई२ ऐवजी एफ१ वर नेऊन बघा. दोघे समोरासमोर बसा, तासभर सहज जाईल.